पार्लर स्वस्त झालं म्हणे!

२०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच गलका उडाला. साबण स्वस्त, शाम्पू स्वस्त, टीव्ही स्वस्त आणि त्यातच एक ओळ होती, पार्लरही स्वस्त. सलून, ब्यूटी पार्लर, जिम, योगवर्ग यांच्यावरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. अंमल २२ सप्टेंबरपासून, म्हणजे ऐन नवरात्राच्या घटस्थापनेला. आमच्या मैंदर्गीत बचत गटाच्या बैठकीत बायकांनी मला गाठलंच. "अक्का, आता मॅनिक्युअर-पेडिक्युअर निम्म्यात होणार काय हो?"

मैत्रिणींनो, खरं सांगायचं तर आपल्या गल्लीतल्या पार्लरचा दर त्या निर्णयाने एक रुपयानेही खाली आला नाही. आणि यात पार्लरवालीची काही लबाडी नाही. तिला आधीही जीएसटी नव्हता, आताही नाही. नसलेला कर कमी कसा होणार?

जरा हिशेब मांडूया. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर त्याला जीएसटीची नोंदणी करावी लागत नाही. आमच्याकडे साधं पेडिक्युअर दीडशे रुपयांच्या आसपास होतं. २० लाखांची हद्द गाठायची तर महिन्याला सुमारे १ लाख ६७ हजारांचा धंदा हवा. महिन्याचे २५ दिवस धरले तर रोज साधारण ४४ बायकांचे पाय धुवायला हवेत! एका पेडिक्युअरला पाऊण ते एक तास लागतो. एकटी बाई दिवसाला पाच-सहाजणी करू शकेल, त्याही लग्नसराईत किंवा गौरी-गणपतीच्या आधी. एरवी दुपारी दोन वाजता जाऊन बघा, ती एकटीच पंख्याखाली बसून भुवया कोरायचा दोरा गुंडाळत असते.

मग ही करकपात कुणासाठी? पुण्या-मुंबईच्या, सोलापूरच्या मोठ्या वातानुकूलित सलूनमध्ये जाणाऱ्यांसाठी. तिथे हजार रुपयांच्या कामाला आधी ११८० मोजावे लागत, आता १०५० लागायला हवेत. म्हणजे १३० रुपयांची बचत. पण त्यातही एक मेख आहे. नव्या दरात सलूनवाल्याला त्याने भाड्यावर, मालावर, यंत्रांवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो बोजा त्याने मूळ दरात चढवला, तर गिऱ्हाइकाच्या हातात १३० ऐवजी किती उरणार, हे त्याच्या मनावर.

आपल्या पार्लरवालीला या निर्णयातून काही मिळालं असेल तर ते मालाच्या खरेदीत. शाम्पू, केसांचं तेल, अंगाच्या साबणाची वडी, टाल्कम पावडर ५ टक्क्यांत आली. पण नखांचा म्हणून जो खास माल, नेलपॉलिश, नखांची आणि पायांची क्रीमं, तो १८ टक्क्यांतच राहिला. गंमत बघा, आपल्या आजीच्या वेळचा आळता आणि कुंकू २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हापासून करमुक्त आहे. म्हणजे पायाला आळता लावला तर शून्य टक्के आणि नखाला नेलपॉलिश लावलं तर अठरा!

आता दुसरा प्रश्न. तो बैठकीत कुणी उघड विचारत नाही, पण बऱ्याच घरांत विचारला जातो. हे सगळं हवंच कशाला? ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये बायकांच्या खात्यात येऊ लागले आणि चहाच्या टपरीवर टोमणे सुरू झाले, "बायका पैसे पार्लरात उडवायल्या." टपरीवर बसून दिवसाला चार चहा आणि दोन पुड्या संपवणाऱ्यांनी हे म्हणावं, याचं मला मोठं नवल वाटतं.

पायांची निगा ही काही टीव्हीवरून आलेली नवी फॅशन नाही. न्हाव्याच्या धोपटीत वस्तऱ्याबरोबर नराणी असायचीच, नखं काढायला. न्हाणीघरात टाचा घासायला वज्री किंवा खडबडीत दगड असायचा. जळवाताच्या भेगांत कोकमाचं तेल गरम करून भरायचे. चिखल्या झाल्या, कुरूप झालं, नखुरडं झालं, या प्रत्येकाला मराठीत स्वतंत्र शब्द आहे. ज्या दुखण्याला घरोघर नाव असतं, ते दुखणं घरोघर असतं. फरक एवढाच की नराणी घेऊन न्हावी यायचा तो बहुतेक पुरुषांसाठी. बाईने आपलं आपण बघायचं, तेही सगळ्यांचं आवरून झाल्यावर वेळ उरला तर.

आणि आपल्या भागातल्या बायकांचे हातपाय काय सोसतात ते बघा. रब्बीची ज्वारी आपल्याकडे मुळासकट उपटून काढतात. दिवसभर धाटं उपटून तळहाताची सालटी निघतात. तुरीचं पीक काढल्यावर रानात राहिलेले सड पायात घुसतात. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांच्या बोटांना तंबाखूचा रंग बसतो तो साबणाने जात नाही. घरातल्या बाईचं म्हणाल तर धुण्याची पावडर, भांड्याचा साबण आणि उन्हाळ्यातली भाजणारी फरशी आहेच. सासूचे पाय चेपायचे, मुलांचे पाय धुवायचे, नवऱ्याच्या पायाला ठेच लागली तर हळद लावायची. पण तिचे पाय हातात घेऊन कोणी बघतं का?

मी बचत गटाच्या आणि आरोग्य शिबिरांच्या कामाने खूप घरांत जाते. तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. डॉक्टरकडे बाई गेली तर खोकला दाखवते, पोटदुखी सांगते. पाय पदराआड, लुगड्याआड. तिच्या पायांकडे अर्धा तास नीट बघणारी गावात एकच व्यक्ती असते, ती म्हणजे पार्लरवाली. म्हणून या विषयाला नखऱ्यात काढणं मला पटत नाही.

नखं बोलतात, बरं का. नख फिकट, पांढुरकं झालं असेल, मधे खोलगट होऊन चमच्यासारखं दिसत असेल, तर अंगात लोह कमी असण्याची शक्यता असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. त्याच्या आधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे कमी व्हायचा तर वाढलाच. दोनातली एक बाई! लाल नेलपॉलिश लावून आपण ते फिकट नख झाकतो. पॉलिश काढल्यावर ते पहिल्यांदा पार्लरवालीलाच दिसतं. तिने एवढंच म्हटलं, "वैनी, एकदा रक्त तपासून घ्या," तरी केवढं काम होईल.

मधुमेहाचंही तसंच. २०२३ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष आले. त्यानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. साखर वाढली की काहींच्या पायांची संवेदना हळूहळू जाते. काटा रुतला, चटका बसला तरी कळत नाही आणि छोटी जखम चिघळते. अशा बाईने पाय गरम पाण्यात घातले तर पाणी किती गरम आहे हे तिला समजत नाही. तेव्हा पार्लरमध्ये टबात पाय ठेवण्याआधी "शुगर आहे का हो काकू?" हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पार्लरवाली विचारत नसेल तर आपण होऊन सांगायचं. पाणी आधी दुसरीने कोपर बुडवून बघायचं, कुरूप किंवा घट्टा ब्लेडने कापू द्यायचा नाही, नखं सरळ रेषेत कापायची, कोपऱ्यांत खोल शिरायचं नाही. जखम असेल तर पेडिक्युअर नाहीच, आधी डॉक्टर.

आता स्वस्ताईची दुसरी बाजू. स्वस्त म्हणजे वाईट असं नाही, पण स्वस्तात काय काय कापलं जातं हे बघायला हवं. २००० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल गावात एका नेल सलूनच्या शंभरावर गिऱ्हाइकांच्या पोटऱ्यांवर गळवं उठली. महिनोन्महिने बरी होईनात. तपास झाला तेव्हा कळलं, पाय बुडवायच्या यंत्राच्या जाळीमागे केस आणि मळ साठला होता, तिथे जंतू वाढले होते. ज्यांनी आधी पायांवरून रेझर फिरवला होता त्यांना धोका जास्त होता. ही श्रीमंत देशातली गोष्ट, वीज-पाण्याची कमतरता नसलेली. आपल्याकडे तर नळाला पाणी कधी येतं ते आपल्याला ठाऊकच आहे. पाण्याच्या टंचाईत एका टबात दोघींचे पाय, हा मोह होऊ शकतो. तिथे मात्र गय नको. यंत्राच्या टबापेक्षा साधी प्लास्टिकची पाटी उलट बरी, ती घासून धुता तरी येते.

दुसरा धोका हत्यारांचा. नखाच्या कडेची कातडी काढताना रक्ताचा थेंब येतो, आपण कापूस लावून विसरून जातो. पण कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर सात दिवसपर्यंत जिवंत राहू शकतो. म्हणून कात्री, कटर आधी साबण-पाण्याने ब्रशने घासायचे आणि मग वीस मिनिटं खळखळत्या पाण्यात उकळायचे. नुसतं डेटॉलच्या वाटीत बुचकळून काढणं पुरेसं नाही. नखं घासायची फाईल, लाकडी काडी, टाचेचा दगड या वस्तू नीट निर्जंतुक होत नाहीत, त्या जिच्या तिच्या. आपल्या घरून एका डब्यात न्याव्यात. पंचवीस-तीस रुपयांचं काम आहे, आणि यात लाजण्यासारखं काही नाही. कातडी मुळापासून कापू नका, ती नखाची राखणदार असते, असंही बिनधास्त सांगावं.

अलीकडे नवरीच्या नखांना जेल पॉलिश लावायचं वेड आपल्याकडेही पोचलंय. निळ्या दिव्याखाली ते वाळवतात. ते वाळावं म्हणून वापरलं जाणारं टीपीओ नावाचं एक रसायन युरोपीय महासंघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत वापरायला बंदी केली, कारण प्राण्यांवरच्या प्रयोगांत प्रजननाला अपाय दिसला. एकदा लावलं म्हणून नवरीने घाबरायचं कारण नाही. पण रोज आठ-दहा तास त्या वासात बसणाऱ्या मुलीचं काय? बाटलीवर घटक छापलेले नसतील तर ती बाटली घेऊ नये आणि खोलीची खिडकी उघडी ठेवावी, एवढं तरी पाळता येईल. लग्नसराईत ती मुलगी जेवायलाही त्याच खोलीत बसते, हे मी बघते.

इथे खरा प्रश्न येतो. दीडशे रुपयांचं पेडिक्युअर स्वस्त पडतं ते कुणाच्या जिवावर?

या धंद्याची मोठी गोष्ट अमेरिकेतलीच आहे. १९७५ मध्ये व्हिएतनामचं युद्ध संपलं आणि निर्वासित बायका कॅलिफोर्नियातल्या छावणीत आल्या. टिपी हेड्रन ही सिनेमानटी तिथे मदतीला जायची. बायकांना तिची नखं फार आवडली. तिने आपल्या नखं करणाऱ्या बाईलाच छावणीत आणलं आणि वीस जणींना हे काम शिकवलं. भाषा येत नाही, भांडवल नाही, पण हातात कसब आलं. त्यातून पुढे तिथल्या नेल सलूनच्या धंद्यात व्हिएतनामी बायकांचा मोठा वाटा झाला. दरही उतरले आणि साध्या नोकरदार बाईलाही मॅनिक्युअर परवडू लागलं.

पण हीच गोष्ट पुढे वाचायला हवी. मे २०१५ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये सारा मास्लिन नीर या पत्रकार महिलेने न्यूयॉर्कच्या नेल सलूनमधल्या कामगार बायकांवर लिहिलं. नोकरीला लागण्यासाठी आधी पैसे भरायचे, सुरुवातीला पगार नाही, नंतर अगदी तुटपुंजा, शिवाय रसायनांमुळे होणारे त्रास. लेखांवर पुढे वादही झाले, पण राज्याच्या गव्हर्नरने काही दिवसांतच तातडीचे उपाय जाहीर केले. आपल्या देशातही ऑक्टोबर २०२१ मध्ये गुरुग्राममध्ये 'अर्बन कंपनी'साठी घरोघर जाऊन काम करणाऱ्या ब्यूटिशियन बायका कमिशनच्या दरावरून रस्त्यावर बसल्या. त्यानंतर कंपनीने कमिशन कमी केल्याचं जाहीर केलं. दर उतरला की तो कुणाच्या तरी मजुरीतून उतरतो, ही बाब सगळीकडे सारखी.

आपल्या गावात मालकीण आणि कामगार एकच. त्यामुळे पिळवणूक दिसत नाही, ती स्वतःची स्वतःच करते. पुढच्या खोलीत पार्लर, मागे चूल. खोलीचं भाडं धरलेलं नाही, स्वतःची मजुरी धरलेली नाही. दीडशेतून क्रीम, स्क्रब, कापूस, वीज वजा करा आणि उरलेल्याला तासाने भागा. त्यातही "वैनी, आपल्या घरचं माणूस, शंभर घे" म्हणणाऱ्या आपणच. आणखी एक गोष्ट बोलायला अवघड आहे, पण बोलते. दुसऱ्याच्या पायाशी बसून काम करणाऱ्याला आपला समाज कमी लेखत आला. न्हावी, चांभार यांनी ते सोसलं. आज पार्लरवाली खाली पाटावर बसते आणि वर खुर्चीत बसलेली काहीजण तिला अरे-तुरेच्या सुरात हुकूम सोडतात. जिच्या हातात आपण आपला पाय देतो, तिला 'ताई' म्हणायला काय जातं?

सरकारदरबारी तरी तिची दखल आहे का? १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. प्रशिक्षण, १५ हजारांची अवजारं, ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि मग २ लाखांचं कर्ज. चांगली योजना. त्यात १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, धोबी, न्हावी आहेत. ब्यूटी पार्लर असा वेगळा व्यवसाय मात्र यादीत नाही. पिढीजात, हाताने करायच्या कामांची ती यादी, हे मान्य. पण छोट्या गावांत शिंपीकामाच्या जोडीला बायका सर्वांत आधी जो धंदा धरतात, तो यादीबाहेर का, हा प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींना विचारायला हरकत नाही.

तोवर जे आहे ते तरी घेऊया. उद्यम नोंदणी मोफत असते, मोबाईलवरून होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. २०१५ पासून मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळतं. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुलींसाठी जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत ब्यूटी पार्लरचं मोफत शिक्षण मिळतं. सोलापुरात कुणाकडे तरी पंधरा दिवस बघून येण्यापेक्षा हे केव्हाही बरं, कारण इथे स्वच्छताही शिकवतात आणि हिशेबही.

बचत गटांना माझं एक सुचवणं आहे. गावातल्या तीन-चार पार्लरवाल्यांनी एकमेकींकडे संशयाने बघायचं सोडून एकत्र यावं. हत्यारांचे दोन-दोन संच आणि ती उकळायला एक मोठा कुकर गटाच्या कर्जातून घ्यावा. घाऊक माल एकत्र आणावा. आणि एक किमान दर ठरवावा, त्याखाली कुणी जायचं नाही. आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टरना एकदा बोलावून रक्तक्षय, मधुमेह, चिखल्या कशा ओळखायच्या हे समजून घ्यावं. औषध सुचवायचं नाही, फक्त डॉक्टरकडे पाठवायचं.

आणि आपण गिऱ्हाइकांनी? महिन्यातून एकदा जायला जमत नसेल तर दोन महिन्यांतून जा. तेही जमत नसेल तर घरी कोमट पाणी, चिमूटभर मीठ, वज्री आणि वर खोबरेल, एवढंही पुष्कळ होतं. पण गेलात तर दोन गोष्टी करा. हत्यारं उकळलीस का, हे विचारा. आणि ती म्हणेल ते पैसे न घासता द्या. उकळायला गॅस लागतो, वेळ लागतो. दोन्ही फुकट मागून स्वच्छता मिळत नाही.

दिल्लीत ठरलेली स्वस्ताई आपल्या गल्लीत आली नाही म्हणून हळहळायचं कारण नाही. आपल्याकडचं पार्लर आधीच परवडणारं आहे. ते तसंच राहावं, सुरक्षित व्हावं आणि चालवणारीलाही परवडावं, हे मात्र कुठल्याही परिषदेच्या हातात नाही. ते बरंचसं आपल्याच हातात आहे.